ओवी मोजते

विमलबाईंनी माझ्या ताटात वरणाचा दुसरा डाव ओतला आणि म्हणाल्या, "सर, उंद्या रजा टाकलीया. लेकराचा खेळ बघाय येते." एवढंच. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये साडेबाराला दीडदोनशे माणसं रांगेत असतात, मागच्याचं ताट आपल्या पाठीला टोचत असतं. अशा वेळी कुणाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, हो म्हणून पुढे सरकायचं असतं. मी हो म्हणालो, पुढे सरकलोसुद्धा. तर बाई मागून मोठ्यांदा म्हणाल्या, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा, "ती म्हणती, आई, माझ्याबिगर आमची मॅच चालतच न्हाई!" आणि हसल्या. डोक्याला ती कागदी टोपी, हातात डाव आणि तोंडभर हसू. कंपनीत मला सगळे साहेब म्हणतात, या एकट्या बाई सर म्हणतात, मुलीमुळे. मी लोणचं दोनदा घेतलं आणि पोळी घ्यायची विसरलो. समोर बुद्धरत्न बसला होता. तो शेजारच्या लाइनचा सुपरवायझर, बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवतो. म्हणाला, "भावा, वरण नुसतंच पिणार का?" मी म्हटलं, भूक नाही. तो म्हणाला, "उद्या फायनल ना तुझी? पोटात गोळा आला असेल." म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

तसं नव्हतं. फायनलचा गोळा मला ओळखीचा आहे, अकरा वर्षांत तो तीनदा आलाय आणि तीनदा हरून गेलाय. हे दुसरंच होतं. ओवी, विमलबाईंची मुलगी, मी शिकवतो त्या बास्केटबॉलच्या टीममध्ये आहे हे खरं. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी पिंपळे गुरवहून सायकल हाणत संत तुकाराम नगरच्या कोर्टावर येते, हेही खरं. पण या दोन वर्षांत ती सामन्यात खेळली किती? सामना खिशात पडल्यावरची शेवटची दोन मिनिटं, तीसुद्धा तीन-चार वेळा. बाकी ती बाकावर असते. आणि आईला सांगते काय, तर माझ्याशिवाय मॅच चालत नाही. बरं, पोरगी थापा मारते म्हणून रागवावं, तर तीही सोय नाही. कारण ती खरं बोलत होती. जेवण तसंच टाकून उठलो तो याच गोष्टीमुळे, की ती अगदी शंभर टक्के खरं बोलत होती.

बास्केटबॉलमध्ये चेंडू तुमच्या हातात आला की चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे फेकावाच लागतो, नाहीतर समोरच्यांना देऊन टाकावा लागतो. टीव्हीवरच्या सामन्यांत बोर्डावर लाल आकडे पळताना दिसतात. आमच्या कोर्टावर बोर्डच दोनदा वेल्डिंग करून उभा केलाय, आकडे कुठले पळतात! टेबलावर पंच स्टॉपवॉच धरून बसतो, वेळ संपली की शिट्टी मारतो, आधी अवाक्षर सांगत नाही. म्हणून आमच्याकडे बाकावरच्या मुली मोजतात. ओरडून, उलटं. चोवीस, तेवीस, बावीस. खेळणाऱ्या मुलींना तेवढाच आधार. पूर्वी ही मोजणी म्हणजे नुसता गोंधळ असायचा, एक जण आठवर तर दुसरी पाचवर. ओवी आली तेव्हा आठवीत होती, दोन वेण्या, नाकात चमकी. पहिल्याच सराव-सामन्यात बाकाच्या टोकाला बसून तिने मोजायला घेतलं आणि तिचं 'एक' संपायला आणि शिट्टी वाजायला एक गाठ. मला वाटलं, योगायोग. पुढच्या वेळी तेच. सामना संपल्यावर मी तिला उभं केलं, डोळे मिटायला लावले, माझ्या घड्याळावर चोवीस मोजून घेतले. चोवीस. परत घेतले. रस्त्यावरून लग्नाची वरात चालली होती, ढोल बडवत होते, तरी चोवीस. मला आभाळ ठेंगणं झालं. असलं घड्याळ कुठल्या टीमकडे आहे? त्या दिवशी मी त्या मुलीचं दोन वर्षांचं ठरवून टाकलं आणि आपण काही ठरवलंय हे माझ्या गावीही नव्हतं.

कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकली ती अडकलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, खिडकीतून डिझेलचा वास. मला तिथे लक्ष्मणराव आठवले. म्हणजे आठवायला नको होते, पण असल्या वेळी माणसं बरोबर येऊन शेजारी बसतात. लक्ष्मणराव माझ्या लाइनवर एकोणीस वर्षं एकाच ग्राइंडिंग मशीनवर होते. त्यांना माप घ्यावंच लागायचं नाही. फिरता दगड जॉबला, म्हणजे घासायच्या तुकड्याला, लागला की नुसत्या आवाजावरून सांगायचे, "साहेब, दोन मायक्रॉन जास्ती जातोय." लाइनच्या भिंतीवर आमचा एक तक्ता असतो, कुणाला कुठलं मशीन किती येतं त्याचा. प्रत्येक नावापुढे गोल असतात, थोडं यायला लागलं की पाव गोल भरायचा, शिकवण्याइतकं आलं की पूर्ण. लक्ष्मणरावांच्या ओळीत एक गोल कुट्ट काळा आणि पुढचे सगळे कोरे. ऑडिटला आलेला माणूस दर वर्षी विचारायचा, यांना दुसरं का नाही शिकवलं? मी दर वर्षी सांगायचो, पुढच्या तिमाहीत शिकवतोय. कसलं शिकवतोय! ते त्या मशीनवरून हलले की रिजेक्शन वाढायचं. रजासुद्धा मी त्यांना हात राखून द्यायचो. रिटायर झाले तेव्हा आम्ही शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, मी भाषण केलं की लक्ष्मणराव म्हणजे आमच्या लाइनचा कणा. ते नमस्कार करून माझ्या कानाशी म्हणाले, हसतच म्हणाले, "साहेब, एकदा ते पलीकडचं कॉम्प्युटरवालं सीएनसी मशीन चालवून बघायचं होतं. ऱ्हायलं." मी पण हसलो. मला ते गंमत करतायत असंच वाटलं. बस दहा फूट पुढे सरकली आणि परत थांबली.

घरी मृदुलाला सांगितलं. मृदुला माझी बायको, शाळेत गणित शिकवते आणि माझ्या खेळाकडे तिने आजवर उत्तरपत्रिका तपासता तपासताच पाहिलंय. तिने लाल पेन खाली न ठेवता सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हणजे पोरगी चांगलं मोजते, म्हणून तिला खेळवायचं नाही. वा रे न्याय! वाईट मोजत असती तर खेळली असती." मी म्हटलं, तसं नाही, ती खेळायलाही थोडी कच्ची आहे. "न खेळवता कच्चीच राहणार की." मी म्हटलं, तू समजून घे, ऋचा आहे, भाग्यश्री आहे, त्या पाच जणी मैदानात आणि ओवी बाकावर, हे माझं बसलेलं गणित आहे. बास्केटसाठी पाच आणि वेळेसाठी एक. ओवीला आत घातलं तर मोजणार कोण? ती म्हणाली, "दुसरीला शिकव मोजायला." मी चिडलो. म्हटलं, उद्या फायनल आहे, आज कुणाला शिकवू? तिने तेव्हा कुठे मान वर केली. "आज नव्हे रे. दोन वर्षं होती की." आणि परत तपासायला लागली. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, ती शेवटी बरोबर निघते आणि वर चहाही करून देते.

चहा पिताना मला जे आठवायला नको होतं ते पण आठवलं. मी एकदा ओवीला विचारलं होतं, एवढं अचूक मोजायला शिकलीस कुठे? बुटांच्या नाड्या बांधता बांधता ती म्हणाली, "घरी. आई चाकणहून साडेसातला यायची ना. मी तिसरीत होते. शाळेतून आले की घरी एकटीच. मग साठ-साठ मोजायचे. साठ झाले की एक बोट. सगळी बोटं झाली की उंबऱ्यावर खडूने रेघ." मी विचारलं, आणि चुकलं तर? ती म्हणाली, "चुकलं की आईला उशीर व्हायचा." अगदी साधं, वेळापत्रक सांगावं तसं. वडील तिकडे लातूरकडे गावी, इथे या दोघीच. तिसरीतली मुलगी एका खोलीत बसून सेकंद मोजतेय आणि तिला वाटतंय की आपण नीट मोजलं तरच बस वेळेवर येईल. हे ऐकून माणसाने काहीतरी करायला हवं, निदान दोन मिनिटं तिच्याशेजारी बसायला हवं. मी काय केलं? मी म्हटलं, "शाब्बास," आणि ऋचाला नवीन चाल समजवायला गेलो. कपातला चहा गार झाला होता तरी मी तसाच प्यायलो.

रविवारी दुपारी चारला सामना. आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची, म्हणून बाईंना रजा टाकावी लागली होती, मीही बुद्धरत्नशी शिफ्ट बदलून घेतली होती. पायऱ्यांवर बऱ्यापैकी गर्दी, मेट्रोच्या पुलाची सावली रस्त्याच्या पलीकडेच राहिली होती आणि कोर्ट नुसतं तापलं होतं. समोर निगडीच्या मुली, उंच, एकसारख्या रिबिनी बांधलेल्या. विमलबाई पहिल्याच पायरीवर येऊन बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, मांडीवर पिशवी. मी मुलींना गोल केलं, नेहमीच्या पाच जणी आत पाठवल्या. ओवी तिच्या जागेवर बसली, बाकाचं पहिलं टोक, मांड्यांवर हात. तिने आईकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. पण मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं की बाई आत पळणाऱ्या पाच जणींत लेकीला शोधतायत, एकीवरून दुसरीवर, परत पहिलीवर. मग ओवीने मोजायला घेतलं. चोवीस, तेवीस. काय आवाज त्या मुलीचा! खणखणीत, घाई नाही, घाबरणं नाही. बाईंची मान गर्रकन वळली.

पहिला अर्धा भाग सुरेख गेला. ऋचा म्हणजे आमची कप्तान, गेली तीन वर्षं टीम तिच्या खांद्यावर आहे आणि तिला ते माहीतही आहे. ती ओवीच्या आवाजावर खेळते, बघत नाही कुठे. दहा आकडा आला की वळते, पाचला उडी. अठ्ठावीस-वीस. आठ गुणांनी वर आणि माझ्या डोक्यात चषक ठेवायची जागा ठरायला लागली होती, दिवाणखान्यात टीव्हीच्या डाव्या बाजूला. लाज वाटते सांगायला, पण मला तो चषक हवा होता. मुलींसाठी, टीमसाठी वगैरे म्हणतो मी, पण हवा होता मला. मध्यंतरात विमलबाई पिशवी घेऊन बाकापाशी आल्या. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होतो, की बाई, प्रत्येकीचं काम वेगळं असतं, वगैरे. तर त्या खुशीतच होत्या. म्हणाल्या, "सर, आमची तर सुपरवायझरच हाय की! बसल्या जागी हुकूम सोडती अन् बाकीच्या पळत्यात!" मुली हसल्या. मीही हसलो, सुटलो म्हणून हसलो. बघा, म्हटलं, बाईंना काहीच वाटलं नाही, उगाच रात्रभर जीव खाल्ला स्वतःचा. कशाला बदलायची बसलेली घडी? आणि तेवढ्यात त्या मायेने ओवीच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "अन् बूट किती जपून वापरती बघा. दोन सालं झाली घेऊन, तळ बघा, कालच्या बाजारातून आणल्यावानी!"

ओवीने पाय बाकाखाली घेतले. पण मला दिसायचं ते दिसलं. बुटांच्या तळाची नक्षी, ती बारीक बारीक नागमोडी, जशीच्या तशी. शेजारी ऋचा पाय पसरून पाणी पीत होती, तिच्या बुटांचे तळ पार गुळगुळीत, अंगठ्याखाली भोक पडायला आलेलं. हे तिचे या वर्षीचे दुसरे. मी दोन्ही तळांकडे बघत राहिलो. ओवी सरावाला साध्या चपट्या बुटांत येते, शाळेच्या. हे सामन्याचे, हे खास. दोन वर्षं ती प्रत्येक सामन्याला ते काळजीने घालून येते, नाड्या बांधते, बसते, मोजते, घरी जाऊन पुसून ठेवते. आणि आईला वाटतं, लेक किती नीटनेटकी. ओवीचा चेहरा कोरा होता. ओठ मात्र हलत होते. मध्यंतराची दहा मिनिटंसुद्धा ती मोजत होती की काय देव जाणे.

मी म्हटलं, "ओवी, भाग्यश्रीच्या जागी तू." ती उठली नाही. तिला वाटलं मी दुसऱ्या कुणाला म्हणतोय. परत म्हटलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "मग मोजणार कोण, सर?" मी म्हटलं, मी मोजतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की जन्मात इतका अविश्वास माझ्यावर कुणी दाखवला नसेल, मृदुलानेसुद्धा नाही.

सुरुवातीची पाच मिनिटं बघवत नव्हती. पहिला चेंडू हातात आला तो तिने थेट पायऱ्यांवर भिरकावला. दुसऱ्या वेळी चेंडू न आपटताच चार पावलं चालत गेली, शिट्टी. निगडीच्या मुलींनी ताडलं, ही बाजू कच्ची, आणि सगळ्या तिच्याच अंगावरून आत घुसायला लागल्या. मी बाकाच्या टोकाला तिच्या जागेवर बसून मोजत होतो, पण खेळ बघायला लागलो की आकडा निसटायचा आणि आकडा धरला की खेळ. एकदा तर माझे सहा शिल्लक होते आणि तिकडे शिट्टी वाजली. ऋचा पळत माझ्यापुढून गेली, दात ओठ खात म्हणाली, "सर, प्लीज! भाग्यश्रीला घ्या ना!" आठाचे पाच झाले, पाचाचे दोन, मग आम्ही मागे. हात वर करायचा, बदली मागायची, एका सेकंदाचं काम. टीव्हीच्या डाव्या बाजूची ती जागा डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण विमलबाई उभ्या राहिल्या होत्या. चेंडू कुठे आहे याच्याशी त्यांना कर्तव्यच नव्हतं, त्यांची मान फक्त ओवीबरोबर फिरत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ओवी पडली, बाईंनी पदर तोंडाला लावला. ओवी उठली, बाईंनी सोडला. शेवटच्या क्वार्टरमध्ये पोरीचे पाय सापडले. बास्केट एकही नाही, पण समोरच्या उंच मुलीपुढे ती अशी काही हात पसरून उभी राहायला लागली की त्या मुलीला वाटच मिळेना. एकदा तिने चेंडू हिसकावून ऋचाला दिला, ऋचाने टाकला, दोन गुण. परत येताना ऋचाने तिच्या पाठीत एक धपका घातला. प्रेमाचा होता, पण जोरात होता.

सेहेचाळीस-सत्तेचाळीस. आम्ही एकाने मागे, चेंडू आमचा, आणि मी टाइमआउट घेतला. टेबलावरून सांगितलं, बावीस सेकंद उरलेत. सगळ्या घामाने निथळत माझ्याभोवती आल्या. भाग्यश्री आधीच उभी, ट्रॅकसूट काढून तयार. सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं. आणि ओवी, कुणी न सांगता, बाकाकडे गेली आणि तिच्या टोकाला बसली. म्हणाली, "मी बसते सर, मोजते." रागाने नाही, रुसून नाही. खरंच जिंकायचं होतं तिला. टीमचं भलं कशात आहे हे त्या क्षणी तिला माझ्याइतकंच समजत होतं आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. शंभरातला कुठलाही कोच तेच करेल. बावीस सेकंदांचा खेळ, सोन्यासारखी मोजणारी मुलगी, तिला बसवायचं, भाग्यश्रीला पाठवायचं, सामना जिंकायचा आणि पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना शिकवायचं. पुढच्या वर्षी. पुढच्या तिमाहीत. लक्ष्मणरावांची शाल माझ्या डोळ्यांपुढे आली, खरंच आली, ती निळ्या काठाची. ओवीच्या उजव्या बुटाला टाचेशी सिमेंटवर घासल्याचा ओरखडा उठला होता, ताजा. मी म्हटलं, "ऊठ." ती बघत राहिली. म्हटलं, "ऊठ गं बाई, वेळ चाललाय. ऋचा, चेंडू तुझ्याकडे. ओवी उजवीकडे थांबेल." ऋचाने एकदा भाग्यश्रीकडे बघितलं आणि आत गेली.

शिट्टी. मी मोजायला लागलो. बावीस, एकवीस, वीस. माझं काळीज एवढ्या जोरात वाजत होतं की मी त्याच्या ठोक्यावर मोजत होतो, हे मला तेव्हा कळलं नाही. दोन मुली ऋचाला चिकटल्या होत्या, तिला वळायला जागा नव्हती. नऊ, आठ, मी ओरडत होतो, सात, सहा. ऋचाचे डोळे मोठे झाले. पाच, चार! तिने लांबूनच, पाय धड रोवलेले नसताना, चेंडू फेकायला हात उचलले. आणि कोर्टाच्या उजव्या बाजूने तो आवाज आला. खणखणीत. "थांब! अजून नऊ आहेत! नऊ! आठ!" ऋचाचे हात तसेच खाली आले. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन वर्षांत तिचे कान कुणाचे झाले होते ते त्या क्षणी साऱ्या पायऱ्यांना दिसलं. ती एक पाऊल टाकून आत वळली, दोघींच्या जागी तिघी तिच्यावर धावल्या, "सहा," ओवी म्हणत होती, "पाच," आणि ऋचाने चेंडू तिच्याकडे दिला. ओवीपुढे कुणी नव्हतं. कोण असणार, तिला कोण भितंय! तिने चेंडू छातीशी धरला, गुडघे वाकवले, मी सरावात शिकवलं होतं तसे, म्हणजे ऋचाला शिकवताना तिने बाजूला उभं राहून बघितलं होतं तसे. "चार," म्हणाली आणि सोडला. चेंडू कडीवर बसला. एक फेरी घेतली. दुसरी घेतली. मी आयुष्यात इतकं हळू काही फिरताना पाहिलं नाही. "तीन," ओवी म्हणाली, "दोन," आणि चेंडू बाहेर पडला. कुणाच्या तरी हाताला लागून आपटला. "एक." शिट्टी वाजली.

हरलो. एका गुणाने. चौथ्यांदा. निगडीच्या मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. आमच्यातल्या दोघी रडत होत्या, ऋचाने पाण्याची बाटली लाथेने पार जाळीपर्यंत उडवली आणि मग खाली बसून डोकं गुडघ्यांत घातलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला, मग थोड्या वेळाने आपणच माझ्या पायाला टेकून बसली. बिचारीचं काय चुकलं होतं? तिच्या तीन वर्षांतही हा चषक नव्हता आणि पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही. ते देणं माझ्या माथी आहे, ते मी नाकारत नाही. ओवी मात्र सरळ माझ्याकडे आली. नाक लाल, डोळे भरलेले, पण आवाज ठणठणीत. "सर, माझे बरोबर होते. तुम्ही पाच सेकंद खाल्लेत." मी म्हटलं, "हो गं. खाल्ले." ती म्हणाली, "मी नाही बोलले असते तर ऋचाताईने तसाच फेकला असता." मी म्हटलं, हो. मग तिचा चेहरा एकदम लहान झाला. "पण माझा गेला नाही." मी म्हटलं, "जाईल. आता शंभर टाकशील रोज, जाईल कसा नाही!" हे मी तिला समजवायला म्हणत होतो आणि उगीच शिट्टीची दोरी सोडवत बसलो होतो.

तेवढ्यात विमलबाई टाळ्या वाजवत आल्या. त्या अजून वाजवतच होत्या. "सरलं? केवढी पळाली माय, केवढी पळाली! मला तर धापच लागली बघून." आपण हरलो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. पिशवीतून धपाट्यांचा डबा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि ओवीचा घाम पदराने पुसायला लागल्या. पुसता पुसता त्यांची नजर खाली गेली. टाच खरवडलेली, एक नाडी तुटलेली, पांढऱ्या कापडावर कुणाच्या तरी बुटाचा अख्खा काळा ठसा. "अगं बया! बुटांची काय दशा करून घेतलीस गं! दोन सालं जपली अन् आज हे? घरी चल, ब्रशनं घासून देते." ओवीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मग ती हसली, एवढं मोठं हसली की रडणाऱ्या दोघीपण गप्प झाल्या. म्हणाली, "राहू दे आई. असेच राहू दे."

सोमवारी संध्याकाळी सराव. मला वाटलं होतं निम्म्या येणार नाहीत, तर सगळ्या आल्या, ऋचासुद्धा, फुगलेले डोळे घेऊन. मी सांगितलं, आजपासून मोजायला सगळ्यांनी शिकायचं, पाळीपाळीने, आणि शिकवणार ओवी. बाराच्या बारा जणी ओळीने बसल्या. भाग्यश्रीचे वीस निघाले, ऋचाचे सव्वीस, आणि ऋचाचे जास्त निघाल्याबद्दल सगळ्यांनी तिची यथेच्छ चेष्टा केली. मग कुणीतरी म्हणालं, आता सर! मी नाही नाही म्हणत बाकावर बसलो. डोळे मिटले. चोवीस, तेवीस, मुद्दाम सावकाश, चांगला दम धरून. एक म्हणून डोळे उघडले तर समोर ओवी, हातात माझंच स्टॉपवॉच, पायात तेच ठसा उमटलेले बूट. मान हलवत होती. "अठरा झाले, सर." मी म्हटलं, अशक्य, मी किती हळू मोजले! परत मोजले. एकोणीस. तिसऱ्यांदा परत अठरा. मुली लोळत होत्या हसून. ओवी माझ्याशेजारी बाकावर बसली, तिच्या जुन्या टोकाला, आणि मला समजावणीच्या सुरात म्हणाली, अगदी मायेने म्हणाली, "तुम्हाला कधी कुणाची वाट बघत बसायला लागलं नाही ना सर, म्हणून होतं तसं. जमेल हळूहळू." आणि तिने घड्याळ परत शून्यावर आणलं. मी डोळे मिटले आणि परत चोवीसपासून सुरुवात केली.